शाफ्ट, पाव लिटर तेल आणि 'मेन्टेनन्स फ्री'ची शंभर वर्षं

पावसाळ्यात मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाला चेनचं वेळापत्रक वेगळं सांगावं लागत नाही. जुलैत ती गंजते, ऑगस्टमध्ये करकरायला लागते, गणपतीपर्यंत सैल होऊन चेन कव्हरवर टकटक वाजते आणि दिवाळीच्या आसपास मेकॅनिक तोंड वाकडं करून सांगतो, "साहेब, चेन-सेट बदलावा लागेल." मग आपण नेटवर भटकायला लागतो आणि तिथे कधीतरी हा शब्द भेटतो : शाफ्ट ड्राईव्ह. चेन नाही, स्प्रॉकेट नाही, स्प्रे नाही, पँटवर काळे डाग नाहीत. गियरबॉक्समधून एक पोलादी दांडा निघतो आणि बंद नळीतून थेट मागच्या चाकापर्यंत जातो. खाली लिहिलेलं असतं, 'मेन्टेनन्स फ्री'.

आता आमच्या धंद्यात 'मेन्टेनन्स फ्री' म्हटलं की अंगावर काटा येतो. ज्या सर्व्हरला पाच वर्षं कुणी हात लावला नाही, तो चांगला चालतोय असं आपण म्हणतो ते फक्त तो बसेपर्यंत. म्हणून शाफ्टचा इतिहास जरा खणून बघावासा वाटला. प्रश्न साधा आहे. शाफ्टने देखभालीचं काम खरंच संपवलं, की नुसतं झाकून ठेवलं? आणि झाकलं असेल, तर ते झाकण उघडायचा अधिकार गाडीच्या मालकाकडे राहिला की नाही?

सुरुवात जर्मनीत होईल असं तुम्हाला वाटलं असेल, पण ती होते बेल्जियममध्ये. लिएजजवळच्या हर्स्टलमध्ये एफएन ही बंदुका बनवणारी कंपनी होती. १९०५ साली पॉल केलकॉम या इंजिनियरने तिच्यासाठी चार सिलिंडरची मोटारसायकल तयार केली आणि मागचं चाक फिरवायला शाफ्ट वापरला. त्या काळात बहुतेक गाड्यांना चामड्याचा पट्टा असायचा. पाऊस पडला की पट्टा घसरायचा, चढावर घसरायचा, आणि कोरड्या सपाट रस्त्यावरसुद्धा हळूहळू ताणला जायचा. चेन होती, पण उघडी, आणि धुळीचे रस्ते तिला खाऊन टाकायचे. बंदुका बनवणाऱ्या कारखान्याला अचूक मशिनिंग करता येत होतं, त्यामुळे नीट बसणारे बेव्हल गियर कापणं त्यांना जमलं. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या पियर्स कंपनीने याच वाटेने जाऊन आपली चार सिलिंडरची शाफ्टवाली गाडी काढली. ती सुरेख होती आणि महागही. शाफ्ट पहिल्या दिवसापासून महाग आहे, हे लक्षात असू द्या.

मग आली बीएमडब्ल्यू, आणि तीसुद्धा जरा नाइलाजानेच. ही मुळात विमानांची इंजिनं बनवणारी कंपनी. पहिलं महायुद्ध हरल्यावर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला विमानाची इंजिनं बनवायला बंदी झाली. कंपनीने रेल्वेचे ब्रेक बनवले, आणि दुसऱ्यांच्या मोटारसायकलींसाठी आडव्या दोन सिलिंडरचं एक बॉक्सर इंजिनही बनवलं. हेलिओस नावाच्या गाडीत ते इंजिन लांबीच्या दिशेने बसवलं होतं, म्हणजे एक सिलिंडर पुढे आणि एक मागे. पुढच्याला वारा मिळायचा, मागचा तापायचा. मॅक्स फ्रिझ या विमान-इंजिनांच्या डिझायनरने ते इंजिन ९० अंशात फिरवलं. दोन्ही सिलिंडर डावी-उजवीकडे वाऱ्यात बाहेर आले. यात एक गोष्ट आपोआप झाली. क्रँकशाफ्ट आता गाडीच्या लांबीच्या दिशेत फिरत होता. त्याच रेषेत मागे क्लच, त्याच्यामागे गियरबॉक्स आणि तिथून सरळ मागे जाणारा दांडा. दिशा फक्त एकदाच बदलायची, ती चाकापाशी. १९२३ ची आर ३२ ती हीच. ४९४ सीसी, साडेआठ हॉर्सपॉवर. म्हणजे शाफ्ट ही काही हौसेने घेतलेली चैन नव्हती. इंजिन फिरवल्यावर तोच सगळ्यात सोपा रस्ता उरला होता.

गंमत म्हणजे या आर ३२ चा शाफ्ट उघडाच होता. मागे सस्पेन्शन नव्हतं, चाक फ्रेमला घट्ट बसवलेलं, त्यामुळे दांड्याला वाकायची गरजच नव्हती. झटके पचवायला एक रबरी चकती पुरली. खरा घोळ सुरू झाला तो मागच्या चाकाला सस्पेन्शन मिळाल्यावर, १९३८ मध्ये. चाक वर-खाली व्हायला लागलं की शाफ्टचा कोन सतत बदलतो. मग युनिव्हर्सल जॉइंट आला, ज्याला आपल्याकडचे ट्रकवाले मेकॅनिक नुसतं 'क्रॉस' म्हणतात. जॉइंट आला म्हणजे बेअरिंग आली, आणि बेअरिंग आली की तेल किंवा ग्रीस आलंच.

याच पिढीतली आर ७१ सोव्हिएत रशियाने उचलली आणि १९४१ पासून एम-७२ म्हणून बनवली. पुढे तीच चीनमध्ये चँगजियांग ७५० झाली. युद्धात या गाड्या साइडकार लावून चिखलात आणि बर्फात धावल्या. लष्कराच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. चिखलात चेन किती दिवस टिकेल, आणि ती बदलणारा माणूस कुठून आणायचा?

आपल्याकडचा धागाही इथेच जोडून टाकतो. युद्धानंतर १९४७ साली इटलीत आलेल्या पहिल्या लॅम्ब्रेटा स्कूटरला शाफ्टच होता. १९५८ ची एलआय मालिका आली तेव्हा इनोसेंटी कंपनीने तो काढून तेलात बुडालेली बंद चेन बसवली. मुंबईच्या एपीआयने भारतात लॅम्ब्रेटा बनवल्या, त्यातली एलआय अनेकांच्या घरी होती. व्हेस्पाने तर शाफ्ट आणि चेन दोन्ही टाळलं. तिचा डिझायनर कोर्राडिनो दास्कानियो हाही विमानवाला. त्याने इंजिन आणि गियरबॉक्स सरळ चाकाशेजारी नेऊन बसवले. बजाजच्या जुन्या चेतकमध्ये हीच रचना होती. आपल्या वडिलांच्या पिढीने वीस-वीस वर्षं चेनशिवाय गाडी चालवली, आणि गियर ऑईल बदलणं हे त्यांच्या दृष्टीने काही मोठं काम नव्हतं. असो.

परत शाफ्टकडे. १९५५ मध्ये बीएमडब्ल्यूने स्विंगआर्म आणला आणि शाफ्ट त्याच्या उजव्या नळीत घातला. आता तो बंद होता आणि तेलात फिरत होता. १९६९ साली आलेल्या मालिकेनेही हीच पद्धत ठेवली. या हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांना आज लोक प्रेमाने 'एअरहेड' म्हणतात. घरी सर्व्हिस करता येणारा शाफ्ट म्हणजे काय, हे बघायचं असेल तर तो इथे बघावा.

जर्मनीत ऑनसाईट असताना शेजारच्या एका आजोबांच्या गॅरेजमध्ये मी हे काम दोन-तीन शनिवार जवळून पाहिलं. त्यामुळे आता थोडं तपशिलात जातो, कंटाळू नका.

मागच्या चाकाजवळ जो ऍल्युमिनियमचा गोल डबा असतो, तो फायनल ड्राईव्ह. आत एक छोटा पिनियन आणि एक मोठं क्राऊन व्हील. ट्रकच्या किंवा जुन्या ऍम्बेसेडरच्या डिफरन्शियलमध्ये असतात तसेच, पण डिफरन्शियल वगळून, कारण मागे चाक एकच. या डब्यात साधारण २५० मिलिलिटर गियर ऑईल मावतं. शाफ्टच्या नळीत त्याहून कमी, १०० ते १५० मिलिलिटर. म्हणजे दोन्ही मिळून अर्धा लिटरसुद्धा नाही. आणि ते बदलायचं साधारण १६,००० किलोमीटरला. चेनशी तुलना केली तर हे फारच थोडं काम आहे, शून्य मात्र नाही.

आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणायची, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग डबल स्टँडवर घ्यायची. आजोबांचा एक नियम होता आणि तो मला आमच्या ऑफिसच्या दारावर लावावासा वाटतो : आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सोडवायचा, आणि तो सुटला तरच खालच्या ड्रेन बोल्टला पाना लावायचा. कारण उघड आहे. खालून सगळं तेल काढलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर रिकामा डबा घेऊन बसावं लागतं. डेटाबेसवर काही चालवण्यापूर्वी रिस्टोअर होतंय का ते बघा, असं आपण ज्युनियर मुलांना सांगतो, तेच हे.

तेल बाहेर आलं की गॅरेजभर वास सुटतो. या तेलात गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे अगदी सडक्या अंड्यासारखा नाही पण त्याच्या चुलतभावासारखा. ती संयुगं उगीच नसतात. गियरचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात तेव्हा साधं तेल मधून पिळून निघून जातं. ही संयुगं धातूच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतात, आणि दात वाचतात.

मग खरं काम, म्हणजे तेल वाचणं. करड्या रंगाची मऊ पेस्ट थोडीशी दिसली तर ठीक, ती रोजची झीज. चमकणारे पापुद्रे किंवा तुकडे बोटाला लागले तर बेअरिंग किंवा दात सुटायला लागलेत. तेल दुधाळ दिसलं तर कुठून तरी पाणी आत शिरतंय, बहुधा सील गेलंय. ही रक्ततपासणीच आहे, आणि तीही फुकटात. चाक काढलं की स्प्लाईन दिसतात, म्हणजे फायनल ड्राईव्ह आणि चाक यांना एकमेकांत अडकवणारे खाचेदार दात. ते पुसून मॉलिब्डेनमचं ग्रीस लावायचं. टायर बदलताना दर वेळी हे केलं तर दात वर्षानुवर्षं टिकतात. नाही केलं तर कोरड्या दातांना गंज चढतो, ते सुरीच्या पात्यासारखे झिजतात आणि एके दिवशी इंजिन फिरतं, चाक मात्र फिरत नाही. शेवटी चाक परत बसवून ते वर आणि खाली धरून हलवून बघायचं. लडबडलं तर बेअरिंगकडे लक्ष द्यायला हवं.

इथपर्यंत घरचं काम. क्राऊन आणि पिनियन एकमेकांत किती खोल बसतात हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागातल्या शिम घालून ठरवलं जातं, ते जाणकाराकडेच द्यावं. आजोबाही ते दुसऱ्याकडे देत.

एक छोटा गणिती मासला, कारण मला तो फार आवडतो. १९८० च्या आर ८० जी/एसमध्ये पिनियनला ११ आणि क्राऊनला ३७ दात. दोन्ही मूळ संख्या. त्यामुळे पिनियनचा एखादा दात क्राऊनच्या एका ठराविक दाताला पुन्हा भेटतो तो सगळे ३७ फिरून झाल्यावरच. झीज सगळ्यांत वाटली जाते. ३३ आणि ११ च्या जोडीत तेच दात चाकाच्या दर फेऱ्याला भेटतात, आणि एखादा खराब असेल तर तो नेहमी त्याच तीन शेजाऱ्यांना त्रास देतो. :)

आता तुम्ही म्हणाल, इतकं सोपं असेल तर लोक स्वतः का करत नाहीत? याचं उत्तर अर्धं यंत्रात आहे आणि अर्धं माणसात. रॉबर्ट पिर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' १९७४ साली आलं. त्यात लेखक स्वतःच्या होंडाचं सगळं काम स्वतः करतो. बरोबरच्या मित्राकडे शाफ्टवाली बीएमडब्ल्यू आर ६० असते आणि तो हत्यारांना हात लावायला तयार नसतो. त्याने महागडी, भरवशाची गाडी घेतलीच आहे ती गाडीचा विचार करावा लागू नये म्हणून. 'मेन्टेनन्स फ्री'चा खरा गिऱ्हाईक हाच. त्याला मी नावं ठेवत नाही. ऑफिसमधून रात्री नऊला आल्यावर मीही तोच असतो.

सत्तरच्या दशकात शाफ्टची हवा झाली. मोटो गुझीची व्ही ७ १९६७ मध्ये आलीच होती आणि इटलीच्या पोलिसांनी ती वापरली. १९७५ मध्ये होंडाने गोल्ड विंग आणली, १९७८ मध्ये सीएक्स ५००. या सीएक्सवर लंडनचे कुरियरवाले दिवसभर पावसात पळायचे. आता चेन संपणार असं वाटावं, पण तसं झालं नाही. त्याच दशकात चेनच्या सांध्यांत रबरी ओ-रिंग आल्या, आतलं ग्रीस आतच राहायला लागलं आणि चेनचं आयुष्य खूप वाढलं. चेन हलकी, स्वस्त आणि ताकदही कमी खाते. शाफ्टला शक्तीची दिशा ९० अंशात वळवावी लागते, त्यात थोडी उष्णतेत जाते.

शिवाय शाफ्टची एक जुनी खोड होती. ऍक्सिलरेटर पिळला की पिनियन क्राऊनच्या दातांवर चढायला बघतो आणि गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. सोडला की खाली बसते. जर्मन लोकांनी या गाड्यांना 'रबरी गाय' असं नाव ठेवलं होतं. वळणात मध्येच ऍक्सिलरेटर सोडणाऱ्याला ही गाय चांगलीच घाबरवायची. तरीही वाळूत शाफ्ट उपयोगी ठरला. जी/एसवर आधारलेल्या गाडीने उबेर ओरिओलने १९८१ ची पॅरिस-डकार जिंकली.

१९८७ मध्ये बीएमडब्ल्यूने या खोडीवर 'पॅरालिव्हर' हा इलाज आणला. स्विंगआर्मच्या टोकाला आणखी एक सांधा आणि खाली एक आधाराचा दांडा, म्हणजे समांतरभुज चौकोन. गाय शांत झाली. पण याची किंमत इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आता शाफ्टला दोन युनिव्हर्सल जॉइंट आले, आणि तो तेलाऐवजी कोरडाच फिरायला लागला. जॉइंट कारखान्यातच ठोकून पक्के केलेले. खराब झाला तर अख्खा शाफ्ट बदला. पाव लिटर तेल ओतून जिथे आयुष्य वाढवता येत होतं, तिथे आता ओतायला भोकच उरलं नाही. गाडी नक्कीच सुधारली, पण मालकाच्या हातातलं एक काम गेलं.

पुढची पायरी २००४ ची. आर १२०० जीएस आली तेव्हा फायनल ड्राईव्हमधलं तेल 'आयुष्यभरासाठी' आहे असं सांगितलं गेलं, आणि डब्याला खाली ड्रेन बोल्टच नव्हता. मालक मात्र तेल काढून बघत राहिले, काळं तेल आणि चूर्ण बघून एकमेकांना सांगत राहिले. काही वर्षांत कंपनीने पवित्रा बदलला. ड्रेन बोल्ट परत आला आणि तेल ठराविक अंतराला बदलायचं वेळापत्रकही आलं. हा मला या सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा प्रसंग वाटतो. 'आयुष्यभर' म्हणजे नेमकं कुणाचं आयुष्य, हा प्रश्न विचारायला कुणीतरी झाकण उघडावं लागलं. जे उघडत नव्हते त्यांनाही त्याचा फायदा झाला.

आणि २०२२ मध्ये कंपनीने नंतरच्या काही जीएस गाड्यांसाठी शाफ्टची तपासणी, आणि ६०,००० किलोमीटरला शाफ्ट बदलणं, हे वेळापत्रकात आणलं. कारण तेच जुनं, नळीत शिरणारा ओलावा. १९०५ मध्ये चामड्याच्या पट्ट्याला जो पाऊस छळत होता, तो शंभर वर्षांनी सील आणि रबरी बूट ओलांडून शाफ्टपर्यंत पोचला.

तर माझं उत्तर असं. शाफ्टने काम संपवलं नाही. आठवड्याचं काम वर्षावर नेलं, आणि ही मोठीच गोष्ट आहे. पण जे काम वर्षातून एकदा येतं ते विसरायला सोपं असतं, आणि इथे विसरणं धोक्याचं आहे. चेन करकरून, सैल होऊन महिनाभर आधी सांगते. फायनल ड्राईव्हची बेअरिंग बहुतेक वेळा तेलातूनच सांगते, आणि तेल कुणी काढलंच नाही तर थेट हायवेवर, शंभरच्या वेगात सांगते. मागचं चाक डगमगायला किंवा अडकायला लागलं तर प्रश्न पैशाचा राहत नाही. म्हणून घरी तेल बदलण्याला मी वाचलेल्या मजुरीच्या हिशोबात मोजत नाही. वर्षातून एकदा तरी आतलं खरं काय ते आपल्या डोळ्यांनी दिसतं, त्याचं मोल जास्त.

आपल्याकडे शाफ्टवाल्या गाड्या कमी, पण जुन्या बाजारात आता अधूनमधून दिसतात. घ्यायला गेलात तर रंग आणि सायलेन्सर नंतर बघा. आधी विचारा : शाफ्टचं आणि फायनल ड्राईव्हचं तेल शेवटचं कधी बदललं? स्प्लाईनला ग्रीस कधी लावलं? चाक धरून हलवून बघितलं तर चालेल का? आणि मालक अभिमानाने म्हणाला, "त्याला काही करावंच लागत नाही," तर किंमत ठरवताना ते वाक्य लक्षात ठेवा.

पुढच्या शनिवारी जमलं तर ओ-रिंग चेनबद्दल. तिच्यावरही अन्याय झालाय.